बडोद्याहून किलिमांजारो : उंच ज्वालामुखी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाचा प्रवास कसा आखावा

किलिमांजारोच्या सर्वोच्च शिखराची, म्हणजे उहुरूची, उंची ५,८९५ मीटर आहे, तर आपले बडोदे समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरही उंच नाही. या पर्वताच्या नेहमीच्या वाटांवर दोर किंवा बर्फातील कुऱ्हाड वापरावी लागत नाही, कडेही चढावे लागत नाहीत. त्यामुळे नियमित चालणारी, निरोगी प्रकृतीची कोणतीही व्यक्ती तेथे जाण्याचा विचार करू शकते. मात्र तेथून परत फिरावे लागलेल्या अनेकांच्या पायांतले बळ संपलेले नसते. विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला पुरेसे दिवस मिळालेले नसतात, आणि ते दिवस किती असावेत हे पर्वतावर ठरत नाही, तर घरी बसून आरक्षण करताना ठरते. म्हणून या लेखात सर्वाधिक भर दिवसांच्या आखणीवर दिला आहे आणि बाकीची तयारी तिच्या अनुषंगाने सांगितली आहे.

पर्वताची ओळख

किलिमांजारो टांझानियाच्या ईशान्य भागात, केनियाच्या सीमेलगत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर आहे. शिरा, मावेंझी आणि किबो अशा तीन ज्वालामुखी शंकूंनी तो बनला आहे. शिरा सर्वांत जुना असून तो खचून आज विस्तीर्ण पठाराच्या रूपात दिसतो. मावेंझीची झीज होऊन त्याचे सुळके उरले आहेत आणि त्याची उंची ५,१४९ मीटर आहे. किबो हा सर्वांत तरुण आणि उंच शंकू असून उहुरू हे त्याच्याच विवराच्या कडेवरील शिखर आहे. शिरा आणि मावेंझी मृत मानले जातात, किबो मात्र सुप्त आहे. त्याच्या विवरातून आजही गंधकयुक्त वायू बाहेर पडतात, पण त्याचा शेवटचा मोठा उद्रेक होऊन लाखाहून अधिक वर्षे लोटली आहेत. येथे प्रवाशाला खरा धोका ज्वालामुखीपासून नसून उंचीपासून असतो.

या परिसराला १९७३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९७७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळी आणि कॉफीच्या बागा आहेत. सुमारे १,८०० मीटरपासून ओलसर घनदाट जंगल लागते आणि त्यात काळ्या-पांढऱ्या केसांची कोलोबस माकडे दिसतात. २,८०० मीटरच्या वर झुडपांचा माळ सुरू होतो. त्याच्या वरच्या भागात राक्षसी सेनेसिओ आणि लोबेलिया ही झाडे आढळतात, आणि त्यांच्या काही जाती जगात केवळ याच पर्वतावर आहेत. चार हजार मीटरच्या पुढे उघडे, कोरडे, राखाडी खडकांचे वाळवंट येते आणि शिखराजवळ हिमनद्यांचे अवशेष उरतात. १९१२ पासून आतापर्यंत या पर्वतावरील ऐंशी टक्क्यांहून अधिक हिमक्षेत्र नाहीसे झाले आहे. ज्यांना ते पाहण्याची इच्छा आहे त्यांनी हा प्रवास अनिश्चित काळ लांबणीवर टाकू नये, असे मनापासून वाटते.

महिना निवडताना

मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ आणि नोव्हेंबर हा छोट्या पावसाचा महिना असतो. जानेवारी ते मार्चचा आरंभ आणि जून अखेर ते ऑक्टोबर हे दोन काळ तुलनेने कोरडे असतात. गुजरातमधील शाळांच्या सुट्ट्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण मे महिन्याची सुट्टी ऐन पावसात येते आणि दिवाळीची सुट्टी बहुधा छोट्या पावसाला जाऊन भिडते. बडोदेकरांसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्यासाठीचा सराव ऑक्टोबर ते डिसेंबर या आल्हाददायक महिन्यांत होतो, तर जुलैमध्ये जायचे ठरवल्यास एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात सराव करावा लागतो. पौर्णिमेच्या आसपास शिखर गाठण्याचा बेत आखल्यास रात्रीच्या चढाईत चंद्रप्रकाश मिळतो, मात्र त्या तारखांना गर्दीही अधिक असते.

मार्ग आणि दिवस

उद्यानात अनेक अधिकृत मार्ग आहेत आणि परवानाधारक गाइडशिवाय कोणालाही चढू दिले जात नाही. शिखरचढाईसाठी किमान वय दहा वर्षे आहे.

मरांगू हा सर्वांत जुना मार्ग असून तेथे तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत मुक्काम असतो. मंदारा ही झोपडी सुमारे २,७०० मीटरवर, होरोम्बो ३,७२० मीटरवर आणि किबो ४,७०० मीटरवर आहे. छप्पर आणि पलंग मिळतात म्हणून कुटुंबातील वडीलधारी मंडळी हा मार्ग सुचवतात आणि पाच दिवसांत सहल आटोपते म्हणून तो स्वस्तही पडतो. परंतु पाच दिवसांचा मरांगू कार्यक्रम मी कोणालाही सुचवणार नाही. तिसऱ्याच दिवशी साडेचार हजार मीटरच्या वर पोहोचून त्याच रात्री शिखराकडे निघणे हे समुद्रसपाटीवर राहणाऱ्या शरीरावर अन्याय करणारे आहे. हाच मार्ग हवा असल्यास होरोम्बोला एक जादा मुक्काम ठेवून सहा दिवसांचा कार्यक्रम घ्यावा.

मचामे मार्गावर तंबूत राहावे लागते, पण त्याची रचना उंचीच्या दृष्टीने अधिक चांगली आहे. सात दिवसांच्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी सुमारे १,८०० मीटरवरील प्रवेशद्वारापासून जंगलातून तीन हजार मीटरच्या आसपासच्या छावणीपर्यंत जावे लागते. दुसऱ्या दिवशी ३,८४० मीटरवरील शिरा छावणी येते. तिसरा दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो. सकाळी ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवर या ज्वालामुखी खडकापर्यंत चढून, तेथे जेवण करून, दुपारी पुन्हा सुमारे ३,९५० मीटरवरील बारांको छावणीत उतरून झोपायचे असते. दिवसा उंच जावे आणि रात्री खाली येऊन झोपावे हे उंचीशी जुळवून घेण्याचे तत्त्व येथे मार्गातच अंतर्भूत आहे. चौथ्या दिवशी बारांकोची भिंत हातापायांचा आधार घेत चढून कारंगा छावणीवर मुक्काम होतो, पाचव्या दिवशी ४,६७० मीटरवरील बाराफू छावणी येते, सहाव्या दिवशी शिखर गाठून म्वेका छावणीपर्यंत उतरायचे असते आणि सातव्या दिवशी म्वेका प्रवेशद्वार. सहा दिवसांच्या कार्यक्रमात कारंगाचा मुक्काम गाळला जातो. तो गाळू नये.

लेमोशो मार्ग पश्चिमेकडून शिरा पठार ओलांडून पुढे मचामेच्या वाटेला मिळतो. आठ दिवसांचा लेमोशो हा प्रथमच इतक्या उंचीवर जाणाऱ्यांसाठी माझ्या मते सर्वोत्तम पर्याय आहे. उत्तरेकडील रोंगाई मार्ग तुलनेने कोरडा आणि कमी गर्दीचा आहे. उंब्वे मार्ग फार वेगाने उंची गाठतो, तो नवख्यांनी टाळावा. किबोच्या उत्तर अंगाला वळसा घालणारा नऊ दिवसांचा मार्ग सर्वांत सौम्य आहे, पण खर्च आणि रजा दोन्ही अधिक लागतात. तीन आठवड्यांची रजा मिळत नसेल तर पर्वताला जोडून घेतलेल्या वन्यजीव सफारीचे आणि झांझिबार बेटावरचे दिवस कमी करावेत, पर्वतावरचे करू नयेत.

खर्च आणि कंपनीची निवड

खर्चाचा अंदाज बांधताना आधी उद्यानाचे शुल्क समजून घ्यावे, कारण ते सर्व कंपन्यांना सारखेच भरावे लागते. अलीकडच्या दरपत्रकांनुसार परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी संवर्धन शुल्क दर दिवशी ७० डॉलर, छावणी शुल्क दर रात्री ५० डॉलर आणि बचाव शुल्क प्रत्येक फेरीला २० डॉलर असून त्यावर १८ टक्के कर आकारला जातो. सात दिवस आणि सहा रात्रींच्या मचामे कार्यक्रमात ४९० अधिक ३०० अधिक २०, म्हणजे ८१० डॉलर होतात आणि करासह ही रक्कम साडेनऊशे डॉलरच्या थोडी वर जाते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आरक्षणापूर्वी चालू दर पाहून हे गणित पुन्हा मांडावे.

हे गणित हातात असले की स्वस्त प्रस्तावांचे स्वरूप उघड होते. एखादी कंपनी सात दिवसांसाठी बाराशे-तेराशे डॉलर मागत असेल, तर शुल्क वजा जाता उरलेल्या रकमेत गाइड, आचारी आणि पोर्टर यांची मजुरी, सर्वांचे जेवण, तंबू आणि वाहन हे सारे बसवावे लागते. एका गिर्यारोहकामागे साधारणपणे तीन किंवा अधिक पोर्टर असतात. कपात होते ती त्यांच्या मजुरीत, त्यांच्या जेवणात आणि त्यांच्या अंगावरील कपड्यांत. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याने उणे तापमानात फाटक्या बुटांनी ओझे वाहावे, हे कोणत्याही विवेकी प्रवाशाला पटणार नाही. उद्यानाच्या नियमानुसार पोर्टरचे ओझे २० किलोपेक्षा अधिक असू नये. पोर्टरांच्या हितासाठी काम करणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था योग्य वागणूक देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, आणि निवड त्या यादीतून करावी.

कंपनीला लेखी प्रश्न विचारावेत. दोन गिर्यारोहकांमागे एक गाइड असतो का, रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरने तपासणी होते का, सोबत ऑक्सिजनचे सिलिंडर असते का, पोर्टरांना दिवसातून किती वेळा जेवण मिळते, एखाद्याची तब्येत बिघडल्यास त्याच्यासोबत कोण उतरते. या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या कंपनीला आगाऊ रक्कम पाठवू नये. मूळ खर्चाखेरीज चमूच्या बक्षिसीसाठी प्रत्येकी अडीचशे ते साडेतीनशे डॉलर वेगळे काढून ठेवावेत. ही रक्कम तेथील रिवाजाचा भाग आहे आणि ती शेवटच्या दिवशी सर्वांसमोर, प्रत्येकाचा वाटा जाहीर करून द्यावी. भारतातील कंपनीमार्फत परदेशी सहल घेतल्यास टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा केला जाणारा कर, कापला जातो, त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचा दावा करावा.

पावागडावरचा सराव

बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवरचा पावागड हा स्वतः ज्वालामुखी खडकांचा डोंगर आहे. दख्खनच्या लाव्हाथरांपासून तो बनला असून त्याच्या वरच्या भागात रायोलाइट हा फिकट रंगाचा खडक आहे. किलिमांजारोच्या तयारीसाठी आपल्याला याहून चांगली जागा जवळपास मिळणार नाही. मात्र माचीपर्यंत वाहनाने जाऊन पुढच्या पायऱ्या चढणे पुरेसे नाही. चांपानेरपासून जुन्या दरवाजांमधून जाणाऱ्या पायवाटेने माथ्यापर्यंत जावे आणि पायीच उतरावे. रोपवे अर्थातच वापरू नये. दोन्ही नवरात्रांत गर्दी प्रचंड असते, त्या दिवसांत सराव अन्यत्र करावा.

प्रयाणापूर्वी किमान चार महिने तयारीला द्यावेत. पहिल्या महिन्यात कामाठीबागेत किंवा आपल्या परिसरात आठवड्यातून पाच दिवस तासभर जलद चालावे आणि रोज काही मजले जिने चढावेत. दुसऱ्या महिन्यापासून दर रविवारी पावागड, पाठीवर सहा-सात किलो वजन आणि पायांत तेच बूट असावेत जे किलिमांजारोवर घालायचे आहेत. तिसऱ्या महिन्यात शनिवार आणि रविवार असे सलग दोन दिवस चढाई करावी, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालण्याची सवय हीच तेथे कामी येते. एकदा जुनागढला जाऊन गिरनारच्या सर्व पायऱ्या एका दिवसात चढून उतराव्यात. उतरण्याच्या सरावाकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात, परंतु शिखराच्या दिवशी सुमारे २,८०० मीटर उतरावे लागते आणि गुडघे तेथेच कुरकुरतात.

या सरावाने पाय आणि श्वास तयार होतात, उंचीची सवय होत नाही. आपले शरीर विरळ हवेत कसे वागते हे आधी पाहायचे असेल तर संदकफू (३,६३६ मीटर) किंवा केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर) यांसारखा हिमालयातील ट्रेक त्याआधीच्या वर्षी करावा.

प्रकृती आणि उंचीचा त्रास

उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही, ते सुमारे २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि उहुरू शिखरावर तो समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. परिणामी प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा ऑक्सिजन घटतो. श्वास खोल आणि जलद करून, मूत्रपिंडांवाटे रक्ताची आम्लता सावरून शरीर याला तोंड देते आणि या प्रक्रियेला दिवस लागतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही सौम्य त्रासाची लक्षणे असून ती बहुतेकांना कमीअधिक जाणवतात. अशा वेळी आणखी वर जाऊ नये आणि गाइडला तत्काळ सांगावे. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सततचा खोकला, फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी साचू लागल्याची चिन्हे आहेत. चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे, असाधारण गुंगी येणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची चिन्हे आहेत. या दोन्ही अवस्था प्राणघातक ठरू शकतात आणि त्यांवर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे रात्र असो वा दिवस, ताबडतोब खाली उतरणे. आपले लक्षण लपवणारा प्रवासी स्वतःबरोबर संपूर्ण चमूला संकटात टाकतो. घरून निघण्यापूर्वीच कुटुंबातील सर्वांनी एकमेकांना शब्द द्यावा की गाइडने परत फिरण्यास सांगितले तर वाद घालणार नाही.

असेटाझोलामाइड, म्हणजे आपल्याकडे डायमॉक्स या नावाने मिळणारे औषध, जुळवून घेण्याची प्रक्रिया जलद करते. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते, पण मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, म्हणून घरी एक-दोन दिवस घेऊन पाहावे. हे औषध घेतल्याने दिवस कमी करण्याची मुभा मिळत नाही.

निघण्याच्या दोन महिने आधी रक्तदाब, हृदय आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडील अनेक स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन कमी असते आणि ते वाढवण्यास वेळ लागतो. मधुमेहींनी लक्षात ठेवावे की इन्सुलिन गोठल्यास निकामी होते, ते अंगाजवळच्या खिशात ठेवावे, आणि थंडीत ग्लुकोमीटरचे आकडे चुकू शकतात. उपवास करणाऱ्यांना आदरपूर्वक विनंती आहे की पर्वतावर एकादशी आली तर तिचे पालन परतल्यावर करावे. रोज तीन ते चार लिटर द्रव आणि पोटभर आहार तेथे औषधाइतकाच आवश्यक आहे.

कागदपत्रे, लस आणि विमान

बडोद्याहून थेट विमान नाही. अहमदाबादहून दोहामार्गे, किंवा मुंबईहून आदिस अबाबा अथवा नैरोबीमार्गे किलिमांजारो विमानतळावर पोहोचता येते. तेथून मोशी गाव सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. टांझानियाचा ई-व्हिसा ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. चढाईच्या आदल्या दिवशी न पोहोचता एक मुक्काम अधिक ठेवावा, म्हणजे सामान उशिरा आले तरी कार्यक्रम कोलमडत नाही.

इथिओपिया आणि केनिया हे भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत. म्हणून त्यांच्यामार्गे प्रवास करणाऱ्यांनी शासनमान्य केंद्रात पीतज्वराची लस घेऊन पिवळे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते वैध होते आणि मग आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी लसीपूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. मोशीच्या परिसरात मलेरिया आहे, त्यासाठीच्या प्रतिबंधक गोळ्यांचाही सल्ला त्याच भेटीत घ्यावा.

प्रवासविमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतचे ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात समाविष्ट असल्याचे पॉलिसीच्या मजकुरात वाचून पाहावे. सर्वसाधारण पॉलिसीत बहुधा ते नसते.

सामान आणि खाणे

पोर्टरकडे द्यायची पिशवी १५ किलोच्या आत असावी. सुती कपडे घामाने भिजून गारठा धरतात, म्हणून अंगालगतचा थर लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा घ्यावा. त्यावर फ्लीस, पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारा कोट. स्लीपिंग बॅग, जाकीट आणि काठ्या मोशीत भाड्याने मिळतात, बूट मात्र येथेच घेऊन सरावात मळवावेत आणि विमानात पायांत घालूनच जावे. टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. त्यामुळे खाकरे, थेपले, चिक्की आणि लाडू घरी शिवलेल्या कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरावेत.

शाकाहाराची अडचण येत नाही. पूर्व आफ्रिकेत भारतीय वंशाचे लोक पिढ्यानपिढ्या राहत असल्याने चपाती तेथील रोजच्या जेवणात आहे आणि भात, घेवडा, भाज्या आचारी उत्तम करतात. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. चार हजार मीटरच्या वर भूक मरते, तेव्हा मऊ भातावर मेतकूट आणि तूप एवढेच पोटात जाते, असा अनेकांचा अनुभव आहे. मेतकुटाची छोटी डबी वजनाला जड नाही.

शिखराची रात्र

बाराफूहून रात्री अकरा-बाराच्या सुमारास निघावे लागते. सहा ते आठ तासांत बाराशे मीटरहून अधिक चढ असतो आणि तापमान उणे दहा ते उणे वीस अंशांपर्यंत जाऊ शकते. पाण्याची नळी गोठते, म्हणून बाटल्या मोज्यात गुंडाळून उलट्या ठेवाव्यात, कारण बर्फ वरून धरू लागते. बॅटरी आणि फोन आतल्या खिशात ठेवावेत. ज्वालामुखी राखेच्या भुसभुशीत उतारावर पाय मागे घसरतो, तेथे लहान पावले टाकून गाइडच्या संथ गतीनेच चालावे. विवराच्या कडेवरील स्टेला पॉइंट ५,७५० मीटरच्या आसपास आहे आणि तेथून उहुरूपर्यंत आणखी तासभर लागतो. शिखरावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये.

जे कुटुंबीय चढणार नाहीत त्यांच्यासाठीही उद्यानात पाहण्यासारखे आहे. मरांगू प्रवेशद्वारातून एका दिवसाच्या परवान्यावर मंदारा झोपडीपर्यंत जंगलातून जाऊन, जवळच्या मौंडी या लहान विवराच्या कडेवरून फेरी मारून परत येता येते. काही अंतर चालून मातेरूनी गावातील धबधबा आणि कॉफीच्या बागा पाहता येतात, आणि चालणे जमत नसेल तर केनियाच्या सीमेवरील चाला हे विवरातील तळे वाहनाने काठापर्यंत जाऊन पाहता येते.

उतरल्यानंतर एक संपूर्ण दिवस मोशीत विश्रांती घ्यावी. परतीच्या विमानात पिवळे प्रमाणपत्र हातातील पिशवीत असावे, कारण मुंबई किंवा अहमदाबादला आरोग्य तपासणीच्या ठिकाणी ते मागितले जाते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घरी आल्यावरही चालू ठेवाव्यात, आणि पुढील काही महिन्यांत ताप आला तर आपण आफ्रिकेत जाऊन आलो आहोत हे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.